उत्तराचा रकाना

आमच्या मंडळीच्या प्रार्थनावहीला चार रकाने होते. तारीख, नाव, विनंती आणि उत्तर. वही शांतवन मास्तरांच्या ताब्यात असे. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलेला माणूस. त्यामुळे रकाने पट्टी धरून आखलेले, अक्षर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका मापाचं, आणि चौथ्या रकान्यासाठी लाल शाईचं वेगळं पेन. शुक्रवारच्या उपासप्रार्थनेला लोक येत, एकेक जण कानाशी लागून सांगे आणि मास्तर लिहून घेत. बोअरला पाणी लागावं. जावयाची दारू सुटावी. तलाठ्याच्या परीक्षेत नंबर लागावा. आणि सगळ्यांत जास्त विनंत्या आजाराच्या.

गाव राहुरीच्या पलीकडलं, उसाच्या पट्ट्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले, आणि पुढच्या दुष्काळांच्या पिढीत आमचे खापरपणजे मंडळीत आले. राहुरीत रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षं राहून गेले, एवढ्या भांडवलावर आमच्यातली जुनी माणसं अजून मान ताठ ठेवून चालतात. विश्वासाची परंपरा मोठी असली की शंका बोलून दाखवायची चोरी होते, हेही त्याच परंपरेत आलं.

एखादी विनंती फळाला आली की मास्तर लाल शाईनं ‘उत्तर मिळाले’ असं लिहीत आणि रविवारी सूचनांनंतर उभे राहून वाचून दाखवत. मंडळी ‘हालेलुया’ म्हणे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधी नवी वही आखली जाई. ज्या विनंत्या अजून उभ्या असत त्या नव्या वहीत उतरवल्या जात. जे माणूस मधल्या काळात वारलं, त्याचा चौथा रकाना कोरा राही आणि ते नाव पुढं जात नसे. मास्तरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विनंतीच उरली नाही, तर उतरवायचं काय? मंडळीनंही कधी विचारलं नाही. साक्ष ऐकायला सगळ्यांना आवडतं. कोऱ्या रकान्याची साक्ष कोण देणार?

मग राहेलबाई आजारी पडल्या. मास्तरांची बायको. शुगर आणि बीपी जुनंच होतं, त्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या. पायांवर सूज आली, अन्नाची वासना गेली, तोंडाला कायम लोखंडाची चव. नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं की दोन्ही किडन्या बहुतेक संपल्या आहेत. हृदयही अशक्त, त्यामुळे किडनी बदलायचा विचार सोडून द्यावा लागला. उरलं डायलिसिस: आठवड्यातून दोनदा, दर खेपेला चार तास. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशाचा प्रश्न सुटला, पण पहाटेची एसटी आणि परतीचा प्रवास कुठल्या योजनेत बसत नाही.

डाव्या मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडून डॉक्टरांनी फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की कातडीखाली सतत घरघर लागे. मास्तर रोज सकाळी बोट ठेवून ती घरघर तपासत. ती थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा, असं सिस्टरनी बजावलं होतं. पाण्याचं माप ठरलेलं. स्टीलचा एक छोटा पेला बाजूला काढला होता आणि दिवसाचे पेले मोजून. केळी बंद, टोमॅटो बंद, शहाळं तर मुळीच नाही. निकामी किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही आणि ते वाढलं तर हृदय बसता बसता थांबतं.

मास्तरांनी बायकोचं नाव स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं. मंडळीनं काही कमी केलं नाही. शुक्रवारी उपास झाले. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीचे वडील घरी आले, कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. पाळक तरुण होते, साधेपणानं मागणारे. महिने गेले. क्रिएटिनिन जिथल्या तिथं. वही उघडली की मास्तर ते एक पान जरा घाईनं उलटायला लागले होते.

त्याच उन्हाळ्यात नगरला तीन दिवसांची आरोग्यसभा लागली. मोठा मांडव, स्टेजवर कीबोर्ड, एका बाजूला टाकून दिलेल्या कुबड्या रचून ठेवलेल्या. उपदेशक बाहेरगावचे, आवाज भारी. म्हणाले, ‘‘आजाराच्या जागी हात ठेवा. ज्यांना ऊब जाणवते, ते या घटकेला बरे झाले!’’ राहेलबाईंना कुशीत ऊब जाणवली. मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, हजारो माणसांमध्ये कुणाच्या कुशीत ऊब नव्हती, हा प्रश्न मास्तरांना बराच नंतर सुचला. उपदेशक पुढं म्हणाले की बरं झालो असं मानून पुन्हा सुई टोचून घ्यायला जाणं म्हणजे देवाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं.

परतताना मास्तरांनी रस्त्यावर शहाळंवाल्याकडे गाडी थांबवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा राहेलबाई पोटभर प्यायल्या. घरी आल्यावर वही उघडून लाल पेननं रकाना भरला. गुरुवारचं डायलिसिस चुकलं, सोमवारचंही चुकलं. राहेलबाईंचा स्वतःचा विश्वास होता का? पुढं त्यांनीच एकदा सांगितलं की नवऱ्याचा इतका उजळलेला चेहरा त्यांनी लग्नानंतर पाहिला नव्हता आणि तो मालवायला जीव धजावला नाही.

सोमवारी रात्री त्यांना आडवं होता येईना. पाठीला तीन उशा लावून बसल्या, तरी श्वास पुरेना. छातीत पाणी भरत चाललं होतं. शेजाऱ्यांच्या जीपमधून नगर गाठलं. हृदयाचे ठोके चुकायला लागले होते, थेट मशिनवर घेतलं. पहाटे एका तरुण डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, ‘‘किती खेपा चुकवल्या?’’

‘‘दोन.’’

‘‘का?’’

उभ्या आयुष्यात पोरांना ‘कारण लिहा’ म्हणणाऱ्या मास्तरांना कारण सांगता आलं नाही.

राहेलबाई वाचल्या. पण खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. सभेच्या लोकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात शंका आली असणार, नाहीतर असं झालं नसतं. महिला संघातल्या एक बाई भेटायला आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘घरात काही लपलेलं पाप नाही ना? कबूल केलं की मोकळं होतं.’’ राहेलबाईंनी विचारलं, ‘‘चहात साखर किती घेता?’’ ईयोबाच्या मित्रांना चहा मिळाला होता की नाही ठाऊक नाही. पण ते सात दिवस गप्प बसले होते, आणि तोंड उघडेपर्यंत त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं.

मास्तरांनी ती लाल ओळ ब्लेडनं खरवडली. कागद झिजून आरपार भोक पडलं. वही नेऊन पाळकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता दुसरा कुणी बघा.’’ पाळकांनी ती उचलली नाही आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. सभेबद्दल त्यांना पहिल्यापासून शंका होती, पण मंडळी निघाली तेव्हा ते गप्प राहिले होते; त्यामुळे आता बोलायला त्यांना तोंड नव्हतं.

मास्तर रविवारी येत. ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली जात, यांचे डोळे उघडे. जेवायला बसताना आभार मानायचं काम राहेलबाईंकडे आलं. त्यांच्या मनाचा पेच देव आहे की नाही असा नव्हता. तेवढाच असता तर गणिताच्या माणसानं तो कसाही सोडवला असता. पेच असा होता की देव आहे, त्याला बरं करता येतं, त्यानं शेजारच्या घरातला ताप उतरवला, आणि आपल्या दारावरून तो पुढं गेला. म्हणजे एक तर आपलं मागणं खोटं, नाहीतर आपण त्याच्या नावडतीचे. आजाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारा हा हिशोब सभेच्या लोकांनी फोनवर मांडला तेव्हा मास्तर चिडले होते, आणि रात्री अंथरुणावर तोच हिशोब ते स्वतः मांडत बसत.

एका रात्री वीज गेलेली होती. मास्तर अंगणात फेऱ्या घालत होते. एकाएकी थांबले आणि मोठ्यानं बोलायला लागले. ‘‘तुझ्या नावानं मी भर मंडळीत उभा राहून वाचलं. तुझ्या शब्दावर तिला घेऊन गेलो अन् मारायलाच निघालो होतो. तू कुठं होतास? ऐकत होतास, तर थांबवलं का नाहीस? ऐकत नव्हतास, तर इतकी वर्षं मी कुणापुढं वाचत होतो?’’ असं बरंच. शेवटी आवाज चिरकला.

आतून राहेलबाई म्हणाल्या, ‘‘झाली का प्रार्थना? आमेन म्हणा अन् आत या. डास आहेत.’’

‘‘प्रार्थना कसली? भांडत होतो मी.’’

‘‘लाजर मेला तेव्हा मार्था काय बोलली? तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता. मरीया आली, तीही तेच बोलली. दोघी एकाच शब्दात भांडल्या. अन् प्रभू मुद्दाम दोन दिवस उशिरा आलेला, त्यामुळे भांडण खोटं नव्हतं. त्यानं त्यांना हाकललं नाही. रडला तो.’’ थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘तुम्ही लई दिवसांनी बोललात त्याच्याशी.’’

मास्तर काही बोलले नाहीत. पण त्यानंतर अंगणातल्या फेऱ्या वाढल्या.

डायलिसिसच्या खोलीत चार तास एक हात बांधलेला असतो. दुसऱ्या हातात राहेलबाई बायबल धरत. सुरुवातीला नेहमीची पानं वाचून झाली. मग त्या पत्रांच्या शेवटी असलेले सलाम-निरोप वाचायला लागल्या, जे उपासनेत सहसा कुणी वाचत नाही. एका दुपारी मास्तर खुर्चीत पेंगत होते. राहेलबाईंनी हाक मारली. ‘‘अहो, त्रफिम कोण?’’

‘‘कोण?’’

‘‘तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, शेवटच्या अध्यायात. पौल लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून पुढं आलो.’’

मास्तर जागे झाले. संदर्भ शोधायची त्यांना जुनी खोड. घरी गेल्यावर जाडा शब्दकोश काढला. त्रफिम इफिसचा राहणारा, पौलाबरोबर यरुशलेमेपर्यंत गेलेला. आणि इफिस म्हणजे तेच गाव, जिथं पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन आजाऱ्यांना लावली, तर ते बरे झाले, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. ज्याच्या रुमालानं इफिसकर बरे झाले, त्याला आपल्या इफिसकर सोबत्याला आजारी टाकून पुढं जावं लागलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं पौल लिहीत नाही. काही पाप केलं होतं, असंही नाही. कारण सांगतच नाही. अर्ध्या ओळीत निरोप देऊन पुढच्या माणसाकडं वळतो.

पुढच्या खेपेला राहेलबाई म्हणाल्या, ‘‘त्रफिमाचं नाव तुमच्या वहीत असतं, तर तुम्ही काय लिहिलं असतं?’’

‘‘काही नाही. कोरं.’’

‘‘अन् एकतीस डिसेंबरला?’’

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. मशिनची शिट्टी वाजली म्हणून सिस्टर आल्या आणि विषय तिथंच राहिला.

गणिताच्या माणसाला एकदा उलटं उदाहरण सापडलं की तो थांबत नाही. मास्तर कोरे रकाने शोधायला लागले. पौलानं स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं आणि काटा राहिला. तीमथ्याचं पोट वरचेवर बिघडे. त्याला पौलानं चमत्कार न पाठवता थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दावीदानं लेकरासाठी सात दिवस उपास केला आणि लेकरू गेलं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरू होतं काळोखात आणि शेवटच्या शब्दापर्यंत काळोखातच राहतं. आशेची एकही ओळ न जोडता ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलंय. आणि गेथशेमानेच्या बागेत खुद्द प्रभूनं प्याला टळावा म्हणून मागितलं होतं. तिथं येऊन मास्तरांची पेन्सिल थांबली. तो रकाना कोरा म्हणावा की भरलेला, हे त्यांना ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही, असं ते सांगतात.

आपल्याकडची उदाहरणं त्यांना पाळकांनी दिली. धीर करून एका संध्याकाळी ते आले आणि केडगावची गोष्ट काढली. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन झालं, त्याची साक्ष आपण दरवर्षी देतो. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली चाळिशीत गेली. तिच्यासाठी तिथं प्रार्थना कमी पडल्या असतील, असं कोण म्हणेल? रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानांनी ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, त्याही गेल्या. पण मधल्या काळात मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी खाली ठेवलं नाही. पाळक म्हणाले, ‘‘साक्ष देताना आपण 1905 पाशी थांबतो, मास्तर. 1921 पर्यंत येत नाही.’’

मास्तर म्हणाले, ‘‘आणि दवाखाना?’’

हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता. त्यावर पाळकांना लांबचं सांगावं लागलं नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली दवाखाना उभारला, तो मिशनचा. आयडा स्कडर यांनी 1900 साली वेल्लोरला एका खाटेवर सुरू केलेलं कामही मिशनचंच; आणि भारतातलं पहिलं यशस्वी किडनीरोपण 1971 साली झालं, ते त्याच वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात. आमच्या आज्या-पणज्या मिरजेला गुडघ्यावर बसून प्रार्थना करत आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर चढत. औषध घेतलं तर देव रागावतो, हे आमच्या मंडळीत कुठल्या सालापासून शिरलं, कुणास ठाऊक. आमच्या परंपरेत ते नव्हतं एवढं नक्की.

या सगळ्यानं मास्तरांचं डोकं थंड झालं, पण मन नाही. एखादी शंका चुकीची आहे हे कळणं वेगळं आणि ती जाणं वेगळं. ती गेली, किंवा निदान जागची हलली, ती जुन्या वह्यांमुळे.

ट्रंकेतून त्यांनी सगळ्या वह्या बाहेर काढल्या आणि पुढं न नेलेली नावं वेगळ्या कागदावर उतरवली. मग लूनावर बसून एकेका घरी जायला लागले. काय विचारायचं, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. पहिलं घर एका विधवेचं. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता, त्याच्यासाठी मंडळीनं तीन शुक्रवार उपास केले होते. मास्तरांनी विषय काढला तशी बाई म्हणाली, ‘‘माणूस गेलं ते गेलं, मास्तर. त्याच्यानंतर मंडळीतून कुणी आलं नाही, ते लागलं. पुरलं त्या दिवशी सगळे होते. मग कुणी फिरकलं नाही. आम्हाला वाटायचं, आमच्यामुळं तुमची साक्ष बुडाली.’’

मास्तर ओट्यावर बसून राहिले. बाईनं दिलेला चहा गार झाला.

दुसऱ्या घरात एक बाप होता. पोर जन्मापासून हृदयाच्या दुखण्याचं, पाचव्या वर्षी गेलं. तो ऊसतोडीच्या टोळीत मुकादम, बोलायला फटकळ. मास्तरांनी चाचरत विचारलं, ‘‘त्यानंतर प्रार्थना... म्हणजे मंडळीत दिसत नाहीस, म्हणून विचारतो.’’

तो हसला. ‘‘तुम्ही वही बंद केली, मास्तर. आम्ही नाही. पोर होतं तवा त्याच्यासाठी मागायचो. आता टोळीतल्या पोरांसाठी मागतो. फडावर पाचटात खेळतात, साप निघतात. चांदणं असलं की मागतो, नसलं की शिव्या देऊन मागतो. पोराला का नेलंस, ते अजून विचारतो त्याला. सांगत नाही. पण विचारायचं कुठं सोडायचं?’’

त्याचं हे बोलणं मास्तरांनी घरी येऊन राहेलबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मुकादमाला मंडळीत बोलवा. उपदेश करायला.’’ तो काही आला नाही; रविवारी टोळीचा हिशोब असतो. पण लाल शाईचा एक ठिपका न पडलेल्या घरात विश्वास जिवंत होता, आणि मास्तर मात्र शाई खरवडल्यावर कोरडे पडले होते. यात काहीतरी हिशोब उलटा आहे, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या उमगलं. त्या रात्री त्यांनी जेवणाआधी स्वतः आभार मानले. दोनच वाक्यं, तीही अडखळत.

त्या वर्षीच्या नव्या वहीत चौथ्या रकान्याचं नाव बदललं. ‘उत्तर’ खोडून मास्तरांनी लिहिलं: ‘कोण जाणार’. आजाऱ्याबरोबर एसटीनं कोण जाणार, रात्री दवाखान्यात कोण बसणार, डबा कोण नेणार, आणि माणूस गेलं तर महिन्यानंतर त्या घरी कोण जाणार.

यावर पंच कमिटीत चांगलीच जुंपली. खजिनदार म्हणाले, ‘‘मग साक्ष वाचायचीच नाही का? देव बरं करतच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?’’

‘‘तसं मी कुठं म्हटलं? कुणी बरं झालं तर त्यानं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं. मी पहिली टाळी वाजवीन. पण तो रकाना भरणं माझं काम नाही. माझ्या हातात जे आहे, ते मी आखलंय.’’

आणखी एक वाद निघाला. डायलिसिसच्या खोलीत राहेलबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक वारकरी म्हातारा असे, त्याच्या पलीकडं एक मुसलमान रिक्षावाला. दोघांनी ‘आमचं नाव पण घाला’ म्हटलं होतं आणि मास्तरांनी ती नावं लिहिली होती. कुणीतरी हरकत घेतली. पाळक, जे सभेच्या वेळी गप्प बसले होते, ते या वेळी मात्र फटकन बोलले: ‘‘बेथेस्दाच्या तळ्याकाठी प्रभूनं कुणाचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला होता?’’ नावं राहिली. म्हाताऱ्याच्या मुलाला दर आठवड्याला रजा मिळत नसे, तेव्हा चौथ्या रकान्यात आमच्या तरुण संघातल्या एकाचं नाव पडलं आणि तो पोरगा पंढरीच्या माळकऱ्याचा हात धरून वजनकाट्यावर चढवायला लागला.

उपदेशकांच्या पत्रकावर छापावं असं यातलं काही नव्हतं. त्या वर्षी एका मुलीचा टीबी गेला. प्रार्थना झाल्या होत्या आणि सहा महिने गोळ्याही एक दिवस न चुकता झाल्या होत्या, कारण रोज गोळी गिळेपर्यंत समोर बसायला चौथ्या रकान्यातली बाई जात होती. मुलगी उभी राहून बोलली आणि मास्तरांनी खरोखरच पहिली टाळी वाजवली. दोन माणसं गेली. त्यांच्या घरी जाणं चालू राहिलं.

राहेलबाई त्यानंतर काही वर्षं जगल्या. बऱ्या झाल्या नाहीत. शेवटच्या पावसाळ्यात फिस्टुला बंद पडला, मानेतून नळी घातली, तिच्यातून जंतुसंसर्ग झाला. शुद्धीत होत्या तोवर पाळकांनी विचारलं, काय मागू? त्या म्हणाल्या, ‘‘बरं कर म्हणा. मागायला काय हरकत आहे? अन् यांना स्वयंपाक येत नाही, तेवढं बघ म्हणा.’’ दोन्ही मागितलं गेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दफनानंतरच्या शुक्रवारी मास्तर उशिरा आले. वही टेबलावर उघडी होती आणि नव्या ओळीत पाळकांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: नाव, शांतवन मास्तर, विनंती, एकटे आहेत. चौथ्या रकान्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सात घरांची नावं, डब्यासाठी. मंगळवारी त्या विधवेचं नाव होतं. शनिवारसमोर मुकादमाच्या बायकोचं. मास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, खिशातून पट्टी काढली आणि पाळकांनी तिरपी मारलेली रेघ सरळ केली.

परवाचीच गोष्ट. एक तरुण जोडपं आलं होतं, गावात नवीन, कारखान्यावर कामाला. कडेवर मूल. त्याच्या मेंदूत पाणी साठतंय, नगरहून पुण्याला न्यायला सांगितलंय. मास्तरांनी नाव लिहिलं, पुण्याच्या खेपेचा वार विचारला, चौथ्या रकान्यात आधी स्वतःचं नाव टाकलं. मुलाची आई कधीपासून काहीतरी विचारू की नको, असं करत होती. शेवटी म्हणाली, ‘‘मास्तर, खरं सांगू? आमचा विश्वास जरा कच्चाच आहे. तरी चालंल का लिहिलेलं?’’

‘‘माझाही कच्चाच आहे, बाळा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आज तारीख काय?’’